जरा टेकते

माझ्या शाळेतल्या मांडवकर बाई गेल्या त्याला आता काही महिने झाले. नंतर एकदा त्यांच्या मुलाचा, मंगेशचा, मुंबईहून फोन आला. मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकं मांडणीवर लावत होते, ती तशीच ठेवून बाहेर आले.

"ताई, तुमच्याकडे आईचा एखादा चांगला फोटो असेल ना? अंदमानचा? भिंतीवर लावायचाय. मागे समुद्र असेल असा बघा."

घरी गेल्यावर मी मोबाइल धुंडाळला. फोटो पुष्कळ होते. पण बाई कुठे कुणाला पाण्याची बाटली देताहेत, कुठे कुणाची पर्स धरून उभ्या आहेत, कुठे दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाला हाताला धरून मागे ओढताहेत. फक्त एका फोटोत त्या नुसत्या त्या होत्या. मी तो पाठवला.

लगेच फोन वाजला. "ताई, यात डोळे मिटलेले आहेत हो."

"हो. झोपल्यात त्या."

"दुसरा नाही का?"

"नाही रे."

फोटोचं त्याने तिथेच सोडलं. मग आपणहून शेवटच्या दिवसाचं सांगू लागला. दुपारी नातवाला झोपवलं, 'जरा टेकते' म्हणाल्या, खोलीचं दार लोटलं, आणि चहाच्या वेळी घरचे उठवायला गेले तर उठल्या नाहीत. "रोजच्यासारखीच टेकली होती हो, ताई. आम्हाला काही कळलंच नाही."

"रोज टेकायच्या?" मी विचारलं.

"रोज. दार लोटून. त्या वेळात मला हाक मारायची नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तिने."

अशा फोनवर आनंद होणं बरोबर नाही. पण मला झाला. का झाला, ते मंगेशला फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

'जरा टेकते' हे बाईंचं पालुपद होतं. मी ते वयाच्या दहाव्या वर्षापासून ऐकत आले. बाई तसं म्हणायच्या, आणि टेकायच्या नाहीत.

आमचं गाव संगमेश्वरच्या बाजूला, आत. रत्नागिरी जिल्हा म्हटला की लोकांना समुद्र आठवतो. आमच्या गावातून समुद्र दिसत नव्हता आणि ऐकूही येत नव्हता. डोंगर, भाताची खाचरं, वर काळा कातळ आणि घरोघरी मुंबईला गेलेले बाप. शाळा पाखाडीच्या पार वरच्या टोकाला होती. ती चिऱ्यांची पायवाट चढून बाई वर यायच्या तेव्हा छत्री, पिशवी, डबा आणि वाटेत भेटलेलं एखादं रडकं पोर असं सगळं त्यांच्या अंगावर असायचं. उंच, हडकुळ्या, पदर खोचलेला, केस लवकरच पांढरे झालेले. वर्गात आल्या की म्हणायच्या, "थांबा गो, जरा टेकते." आणि खुर्चीच्या अगदी पुढच्या कडेवर बसायच्या, बस चुकेल अशा भीतीने बसल्यासारख्या. खुर्चीला पाठ असते हे त्यांना माहीत नसावं, असं आम्हाला वाटायचं. बसेबसेपर्यंत कुणाचं तरी नाक वाहायचं, कुणाची तरी पाटी फुटायची, की बाई उठल्याच.

भूगोल त्यांचा आवडता. त्यातही बेट. "बेट म्हणजे काय?" त्या विचारायच्या. आम्ही एका सुरात ओरडायचो, "चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीला बेट म्हणतात!" मग बाई फळ्याकडे वळून खडूने एक वाटोळं काढायच्या आणि स्वतःशीच बोलल्यासारखं जोडायच्या, "आणि तिथे कोणी हाक मारत नाही." पहिल्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीने सहामाहीच्या पेपरात हेही वाक्य लिहिलं. बाईंनी ते खोडलं नाही.

माझा पेपर मात्र त्यांनी वर्गात वाचून दाखवला. प्रश्न होता, टेकडी म्हणजे काय? आता आमच्याकडे डोंगर आहे, कातळाचा सडा आहे, चढणीची घाटी आहे. टेकडी हा शब्द फक्त पुस्तकात. मी पाठ केलं नव्हतं. पण आई आणि तिच्यासोबतच्या बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन यायच्या तेव्हा अर्ध्या चढावर एका जागी मोळ्या उतरवून टेकायच्या, ते मी रोज बघत होते. म्हणून मी लिहिलं, 'जिथे माणूस टेकतो तिला टेकडी म्हणतात.'

वर्ग हसला. मी मान खाली घातली. बाई हसल्या नाहीत. कागद हातात धरून उभ्या राहिल्या.

"पुस्तकात असं नाही," त्या म्हणाल्या. "पण चूक तरी कशी म्हणू? अर्धा मार्क देते. उरलेला अर्धा, मी टेकडीवर जाऊन बघून आले की."

"कुठच्या टेकडीवर, बाई?"

"बघू या. सापडली की सांगते."

त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी आमची सहल पूर्णगडला नेली. आमच्यातल्या निम्म्या मुलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला, मीही त्यातच. किल्ला लहान, पण उंचावर. खाली मासेमारीच्या होड्या, खाडीचं तोंड, आणि समोर नुसतं निळं. आम्ही वेड्यासारखे काठाकडे धावलो. बाई आमच्या आधी पोचल्या, आणि काठावर हात पसरून उभ्या राहिल्या. पाठ समुद्राकडे, तोंड आमच्याकडे.

"मागे सरका! ए, तू लाल शर्टवाल्या! समुद्र पळून जात नाय, मागे सरक!"

आम्ही त्यांच्या हातांखालून, खांद्यांवरून समुद्र पाहिला. परत निघताना मी विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलात?"

"काय?"

"समुद्र."

"पाहिला गो. तुमच्या तोंडांवर दिसत होता ना."

तेव्हा हे उत्तर मला फार छान वाटलं. आता वाटत नाही.

दहावी झाल्यावर आईने मला मुंबईला मावशीकडे पाठवायचं ठरवलं होतं. तिथे एका कारखान्यात पॅकिंगचं काम मिळणार होतं. बाईंची बदली तोवर रत्नागिरीजवळ झाली होती. त्या एसटीने आमच्या घरी आल्या आणि ओटीवर, कडेवरच, बसल्या.

आई म्हणाली, "बाई, पोर शिकाची म्हनते, पन आमच्यात कोन शिकलाय?"

"कोणी नाही ना? मग हीच पहिली. माझ्याकडे राहील. पडवी रिकामीच आहे."

"तुमाला त्रास कशाला?"

"माझ्याकडे एवढी माणसं हाका मारतात, त्यात ही एक."

मी त्या पडवीत राहून बीए झाले. आमच्या घराण्यातली पहिली. आज जो माझा पगार आहे, जी माझी भाषा आहे, ती त्या पडवीतून आलेली आहे. याचे आभार मी कधी नीट मानले नाहीत. मानायला जावं तर बाई कायम दुसऱ्या खोलीत असायच्या.

बाईंचे यजमान, त्यांना सगळे आप्पा म्हणत, एसटीत कंडक्टर होते. मोठ्या आवाजाचा, गप्पिष्ट माणूस. जेवताना भातावर आमटी घेतानासुद्धा "चला, पुढे चला, मागे जागा आहे" म्हणायचे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डावा हात राहिला. बाईंनी त्या हातात देवघरातली पितळी घंटा दिली, काही लागलं तर वाजवा म्हणून.

आप्पांनी घंटेची भाषा स्वतःच ठरवली, आणि ती एसटीची होती. एक टोला म्हणजे थांब, इकडे ये. दोन टोले म्हणजे डबल. झालं, आता जा. बाईंना समजावून सांगायला लागलं नाही. कंडक्टरच्या बायकोला डबल कळते.

दिवसभर सिंगल वाजायची. पाणी, कूस, पंखा, माशी. बाई शाळेत असल्या की त्यांच्या सासूबाई बघायच्या. बाई घरात आल्या की घंटा बाईंची. त्या ताटावर बसायच्या, टण. उठायच्या. काम झालं की टण टण. परत येऊन बसायच्या. शेजारच्या घरात आरती सुरू झाली की मग तर हालच. बाई मधेच दचकून उठायच्या, आप्पांच्या दारापर्यंत जायच्या, आप्पा स्वस्थ पडलेले असायचे. परत यायच्या. शेजाऱ्यांचा देव फार वेळ आरती घ्यायचा.

भांडणंही व्हायची. बोलायच्या एकट्या बाई, पण भांडण दोघांचं.

"सकाळपासून चारदा पंखा चालू, चारदा बंद. मी काय स्विच आहे?"

टण टण.

"जाते, जाते! नुसतं जा म्हणता. कुठे जाऊ? बेटावर जाऊ?"

टण टण.

"मग खायला कोण घालील? तो देसायांचा बोका?"

आप्पांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसायची. बाई पदराने त्यांच्या ओठाच्या कडेची लाळ पुसायच्या आणि मला म्हणायच्या, "बायो, तुझा अभ्यास चालू दे. मी जरा टेकते." आणि भाजी चिरायला लागायच्या.

मी तिथून बाहेर पडले, नोकरीला लागले, लग्न झालं, मुलगी झाली. बाईंच्या सासूबाई गेल्या. मंगेश शिकून मुंबईला गेला. बाई निवृत्त झाल्या. घंटा तशीच वाजत राहिली. कधी भेटायला गेले की बाई दारातूनच म्हणायच्या, "बस गो, मी आले," आणि मी चहा पिऊन निघेपर्यंत त्या येत-जात असायच्या. पितळी घंटेचा दांडा आप्पांच्या बोटांनी झिजून सोन्यासारखा झाला होता.

आप्पा गेले तेव्हा बाई रडल्या नाहीत. थकव्याने रडूही येत नसावं. मंगेशच्या बायकोचे तेव्हा दिवस भरत आले होते आणि दोघंही नोकरी करणारी. आप्पांचं वर्ष व्हायच्या आतच ठरलं की बाईंनी मुंबईला जायचं, बाळ सांभाळायला. घर बंद करायचं. तेव्हा बाईंनी मला फोन केला.

"मंगेशकडे जायच्या आधी मला एक बेट बघायचंय. येतेस सोबत?"

मला वाटलं, जवळपास कुठेतरी जंजिरा वगैरे. पण त्यांनी वर्तमानपत्रातली एका टूरची जाहिरात कापून ठेवली होती. अंदमान.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मंगेशचा फोन स्पीकरवर होता. "आई, आत्ता? इकडे आमची किती धावपळ चाललीये. आणि समुद्रच बघायचा तर रत्नागिरीत काय कमी आहे?"

"इथल्या समुद्राला माझा पत्ता माहीत आहे," बाई म्हणाल्या. "बाळाला सांग, आजी येते. थोडी दमली आहे, वाटेत जरा उतरून येते."

मी त्यांच्या तोंडून 'दमली' हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

आमच्या गटात घाटावरचे लोक जास्त होते. टूरवाले गृहस्थ, पन्नाशीचे, गळ्यात शिट्टी, सतत घाईत. विमानतळाबाहेर आल्याबरोबर त्यांनी आम्हा दोघींना हात करून दाखवलं, "काकू, हे बघा, नारळाचं झाड!"

"हो का?" बाई गंभीरपणे म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंत."

पण तिथेही बाई बाईच राहिल्या. बोटीत कुणाला उलटी झाली, बाई पिशवी घेऊन उभ्या. कुणाचं पोर रडलं, बाईंच्या कडेवर. दोन दिवसांत सगळा गट त्यांना हाका मारायला लागला. काकू, गोळी आहे का? काकू, जरा बॅग बघा. मी रागावले. त्या म्हणाल्या, "सवय गो. हाक आली की पाय आधी उठतात, मी मागून."

ती टेकडी सहलीच्या शेवटाकडे आली. बेटाच्या टोकाला, समुद्रावर झुकलेली, झाडीतून वर जाणारी मातीची वाट. सूर्यास्त बघायचा होता. टूरवाल्यांनी शिट्टी वाजवली, "अंधाराच्या आत परत खाली! गाडी हॉर्न देईल, थांबणार नाही!" लोक भराभर वर गेले. बाईंचे गुडघे दुखत होते. आम्ही मागे पडलो. प्रत्येक वळणावर मी म्हणत होते, "बाई, जरा टेका." त्या म्हणत, "वर जाऊन."

वर एक बाक होता, सिमेंटचा, पाठ असलेला. बाकीचे सगळे पुढे कठड्याशी फोटो काढत होते, म्हणून तो रिकामा. समोर समुद्र सोनेरी होत चाललेला, खाली खडकांवर पाणी फुटत होतं, माडांची रांग किनाऱ्यावर वाकलेली.

बाईंनी सगळं नीट पाहून घेतलं. "अगं, हे तर आपलंच," त्या म्हणाल्या. "पूर्णगड. नुसता कातळ नाही तेवढंच." मग हसल्या. "विमानात बसून मी आपल्याच घरी आले की काय?"

आणि त्या बाकावर बसल्या. आधी कडेवर. मग हळूहळू मागे सरकल्या. पाठ बाकाला लागली तेव्हा त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, खरंच काही आहे ना म्हणून.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "तू शिकलेली आहेस."

"तुम्हीच शिकवलंत."

"ते गेले त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याजवळ बसले होते. काही काम नव्हतं, नुसती बसले होते. त्यांनी डबल दिली. मी म्हटलं, कुठे जाऊ, बसते की जरा. त्यांनी परत डबल दिली. मग मी म्हटलं बरं, चहा टाकते. उठले. आधण येईपर्यंत हे गेले." बाईंचे डोळे समुद्रावर होते. "इतकी वर्षं मी धरून चालले की डबल म्हणजे मला जा. पण डबल दिली की कंडक्टर मागे राहतो का गो? तोही गाडीतच असतो. मग मला जा म्हणाले, की स्वतः निघालो म्हणाले? आणि ते निघाले होते तर मी बसून राहायला नको होतं?"

 पुस्तकांच्या गराड्यात काम करते, पण असं कुठल्या मांडणीवर शोधायचं? शेवटी मी एवढंच म्हटलं, "दोन्ही असेल, बाई. दोघांना एकाच डबलमध्ये सोडलं असेल."

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "बायो, जरा टेकते मी," आणि मान मागे टाकून डोळे मिटले. मला वाटलं नेहमीसारखंच, आत्ता उठतील. पण त्यांचं तोंड किंचित उघडलं, हातातली पिशवी सैल झाली, आणि त्या झोपल्या. गाढ, लहान मुलासारख्या.

सूर्य त्यांच्या चेहऱ्यावर येत होता. मी उठून त्यांच्या समोर उभी राहिले, सावली पडेल अशी. गटातली एक बाई "काकू, काकू, इकडे या, फोटो!" करत आली. मी हात पसरून तिला थांबवलं. "हाक मारू नका." तिच्या मागून आणखी कुणी. "हाक मारू नका." मागे लोकांचा गलका झाला, गेला, गेला, बुडाला. माझी पाठ समुद्राकडे होती. मध्येच मी तो एक फोटो काढला.

टूरवाले शिट्टी फुंकत आले. "चला, चला, काकूंना उठवा!"

"नाही उठवणार."

"अहो मॅडम, गाडी सुटेल!"

"सुटू दे."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग बाईंकडे. माणूस वाईट नव्हता. शिट्टी खिशात घातली. "ड्रायव्हरला बघतो," म्हणाले, आणि पाय न वाजवता खाली गेले.

खालून हॉर्न वाजला तेव्हा बाईंनी डोळे उघडले. मला वाटलं, आता दचकतील. पण त्या तशाच टेकून राहिल्या.

"सूर्य गेला?"

"गेला."

"कसा होता?"

"मी पाहिला नाही, बाई."

"मग आलो कशाला आपण एवढ्या लांब?" त्या हसल्या. हात पुढे केला, मी त्यांना उठवलं. दोन पावलं चालून थांबल्या. "तुझा अर्धा मार्क राहिला होता ना गो? दिला."

परत आल्यावर आठवड्याभरात त्या मुंबईला निघाल्या. मी सकाळी रत्नागिरीच्या स्टँडवर सोडायला गेले. सामान थोडं होतं. पितळी घंटा त्यांनी देवघरातच ठेवली होती, सोबत घेतली नव्हती. खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी राहून काय काय सांगत होते, पोचल्यावर फोन करा, पाणी प्या. त्या मान हलवत होत्या. मग मी पाण्याची बाटली आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि परत आले तर बाई सीटला पूर्ण टेकून बसल्या होत्या, डोकं काचेला, डोळे मिटलेले.

मी बाटली घेऊन खिडकीखाली उभी राहिले. काच सरकवता आली असती. हाक मारता आली असती.

कंडक्टर चढला, दार ओढलं, आणि दोरी खेचली. टण टण. मी बाईंकडे पाहिलं. त्या हलल्या नाहीत. गाडी मागे आली, वळली, आणि त्यांना तसंच टेकलेलं घेऊन स्टँडबाहेर गेली.